चॉकलेट न उधळणारा राजा

त्या केसचा विषय निघाला की मला अजून हसू येतं. तेव्हा मी कॅनबेराच्या पोलीस दलात सार्जंट होतो. गुंगालिनचा भाग माझ्याकडे होता.

तिथली स्पॅनिश मंडळी नाताळ सरला की जानेवारीत मुलांसाठी मिरवणूक काढतात. बाळ येशूला भेटी घेऊन आलेले तीन राजे ट्रकवरून येतात आणि मुलांवर चॉकलेटं उधळतात. राजे खरेच दूरदेशाहून आलेत असं मुलांना वाटतं. त्यामुळे दाढीमागे कोण आहे ते मोठ्यांनी सांगायचं नाही, असा दंडक.

त्या वर्षी मिरवणूक संपली आणि मंडळींच्या हॉलमधली मुलांना वाटायच्या चॉकलेटांची खोकी गायब झाल्याची तक्रार आली. पाठोपाठ एकाचा फोन: एक भारतीय माणूस मागच्या दाराने मोठी बॅग घेऊन घाईघाईने गाडीत बसला. गाडीचा नंबरही त्याने दिला. त्यावरून पत्ता काढला, तर माणूस निघाला पुण्याचा आयटीवाला.

आम्ही घरी गेलो. बायको हॉस्पिटलात शिफ्टला होती. आठेक वर्षांची मुलगी शेजारणीबरोबर मिरवणूक पाहून नुकतीच परतली होती. बोलण्याची सक्ती नाही, पण बोललास तर नोंद होईल, हे नियमाप्रमाणे सांगितलं आणि विचारलं, "संध्याकाळी कुठे होतास?"

"घरीच, सर. झोपलो होतो."

"गाडी हॉलपाशी दिसली."

"नाही... म्हणजे, मी झोपलो होतो." तो उठून पाणी प्यायला.

चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. मीही मराठीच, म्हणून मग मराठीतच समजावलं, "चोरीचा गुन्हा लागला तर व्हिसाचं काय होईल, कळतंय ना? जरा बाहेर येऊन बोल."

"इथे कायम राहायला पीआरचा अर्ज केलाय, सर," तो पुटपुटला. पण पोरगी त्याचा शर्ट सोडेना. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "झोपलो होतो."

"मग ठाण्यात चल," मी म्हणालो.

तशी ती ओरडली, "ही वॉज द किंग! बाबा राजा होता!"

तो वळून तिच्याकडे बघू लागला.

"बाकीचे दोघं चॉकलेट्स फेकत होते," ती रडत सांगू लागली. "हा एकटा खाली वाकून सगळ्यांच्या हातात देत होता. खायची वस्तू फेकायची नाही, असं बाबाच सांगतो. आय न्यू, मला कळलं होतं, ओके?"

मी बॅग उघडायला लावली. आत झगा, मुकुट आणि खोटी दाढी. तिसरा राजा परंपरेने काळा. हल्ली गोऱ्या माणसाने तोंडाला काळा रंग लावणं बरं दिसत नाही, म्हणून मंडळींनी यालाच गळ घातली होती. लेकीच्या आधी घरी पोहोचायचं, म्हणून ती घाई. तेवढ्यात हॉलवरून सहकाऱ्याचा फोन आला. तिकडे जानेवारीत उन्हाळा, चॉकलेटं वितळतील म्हणून कुणा स्वयंसेवकाने खोकी परस्पर कोल्डरूममध्ये हलवली होती.

"मग बोलली का नाहीस?" बापाने लेकीला विचारलं.

"तू इतका हॅपी होतास, बाबा."

तो तिला जवळ घेऊन रडला. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

माणूस काय लपवतोय, हे शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली होती. कुणासाठी लपवतोय हेही विचारायला मी त्या घरात शिकलो. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

निघताना पोरगी दारापर्यंत आली. "बाकीच्या मुलांना सांगू नका, प्लीज." आज ती युनिव्हर्सिटीत शिकते. तिला विचारूनच हे लिहितोय.