जीपचा आवाज

माझ्या वसतिगृहासमोर एक काका जुन्या जीपचं बॉनेट उघडून उभे होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवून त्यांनी त्याच्या मुठीला कान लावला होता. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आमच्या जीपला अंगणातच दुसरं इंजिन बसवलं, तेव्हापासून घरी हे ऐकायचं काम माझं होतं. अप्पा म्हणायचे, "तुझे कान तिखट आहेत. बघ गं, कुठं खडखडतंय?"

कॉलेजबद्दल काय विचारावं, हे अप्पांना सुचत नाही. मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून रविवारी ते जीप चालू करतात आणि फोन इंजिनाजवळ धरतात.

"कळतंय का काही?"

नुसती घरघर येते. लांबून घर असंच ऐकू येत असावं बहुतेक.

"अजून थोडं ऐकू द्या ना, अप्पा," मी म्हणते.