पाठीवरची बोंडअळी

पळायला जाताना माणसाने अंगावर काय घालावं आणि बरोबर काय न्यावं, हे ठरवण्याचा अधिकार अख्ख्या सोलापुरात एकाच बाईंना आहे आणि त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना काकू म्हणते. वय साठीला टेकलेलं, माहेर माढ्याकडचं, बांधा ज्वारीच्या भरल्या पोत्यासारखा. पहाटे त्या जिना उतरायला लागल्या की पावलांच्या आधी त्यांच्या सामानाचा आवाज खाली पोचायचा, आणि मी बुटाच्या नाड्या बांधायला घ्यायचे.

काकांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. कंपन्या दरवर्षी टी-शर्ट वाटतात, काका ते घालत नाहीत, म्हणून काकू सलवारीवर घालतात. त्यामुळे आमच्या मैदानावर कधी संकरित मका पळायचा, कधी ठिबक सिंचन. पण त्यांचा सगळ्यात लाडका शर्ट बोंडअळीचा. पाठीवर वीतभर गुलाबी अळी, तिच्यावर लाल फुली आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बोंडअळीचा कर्दनकाळ'. मैदानावरच्या महागड्या बुटांची आणि मनगटी घड्याळांची माणसं त्या अळीला मागे टाकून पुढे जायची, तेव्हा काकू शांतपणे म्हणायच्या, "जाऊ द्या की. अळी कुटं पळून जाती?"

खांद्यावरून तिरकी पिशवी, सोलापुरी टॉवेलची, घरी शिवलेली. घाम पुसायचा झाला तर पिशवीच तोंडाला लावायची. आत पाण्याची बाटली, हळदीची पुडी, कात्री, सलवारीची जास्तीची नाडी आणि बाराही महिने छत्री. बांगड्यांना सेफ्टी पिना लटकवलेल्या. आणि कडक भाकरी, शेंगाचटणीसकट. एकदा एका तरुणाला शक्तीसाठी कसलीतरी गोड पेस्ट पाकिटातून चोखताना पाहून त्या थांबल्याच. "काय चोखायलास रे बाळा? धर, भाकरी खा." त्याने मुकाट्याने खाल्ली. प्रत्येक पावलाला पिशवीतली भाकरी चुर्र चुर्र मोडत जायची. तो आवाज मैदानावरची कुत्री ओळखायची. आमच्यावर ती भुंकायची, काकूंच्या मागे ओळीने पळायची.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे वाक्य आधी मनात तपासून मगच बोलायची सवय लागली आणि ती सुटली नाही. कपड्यांचंही तसंच. टी-शर्टवर पूर्ण बाह्यांचं जॅकेट आणि गळ्यापर्यंत चेन, सोलापूरच्या उन्हातसुद्धा. रस्त्यावरच्या नजरांना उत्तर देण्यापेक्षा उकडलेलं बरं. काकूंनी त्याबद्दल कधीच विचारलं नाही. म्हणूनच मी त्यांच्याबरोबर पळत असे.

जानेवारीत शहरात दहा किलोमीटरची शर्यत होते. आदल्या दिवशी छातीवर लावायचा नंबर आणि शर्यतीचा टी-शर्ट हातात देतात, सकाळी सगळे तोच घालून येतात. काकू सोडून. "शर्यत पुरी व्हायच्या आधी शर्यतीचा शर्ट घालायचा?" त्या म्हणाल्या. "लगीन लागायच्या आधी कुणी मंगळसूत्र घालतं का?" पहिल्या वर्षी नंबर लावायला पिना नसलेल्यांना पिना वाटता वाटता त्या सगळ्यांच्या शेवटी निघाल्या. दुसऱ्या वर्षी वाटेत एकाच्या बुटाचा तळ निघाला, तो नाडीने आवळून देण्यात वेळ गेला. दोन्ही वेळा आम्ही पोचलो तेव्हा हवा भरून उभी केलेली शेवटाची कमान रस्त्यावर आडवी पडली होती. दोन्ही टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिले. काकांनी विचारलं, "पळायला जातीस का फिरतं दुकान मांडायला?" काकूंनी त्यांना ताटात चटणी जास्त वाढली आणि मला सांगितलं, "औंदा घालणार म्हंजे घालणार."

तिसऱ्या वर्षी मी आयुष्यातली पहिली अट घातली. पिशवी घरी. काकूंनी छत्री सोडली, मग कात्री, हळदीसाठी बराच वेळ भांडल्या. शेवटी पिशवी काकांकडे द्यायची ठरली. ते स्कूटरवरून थेट शेवटाला येणार होते. भाकरीचा एक तुकडा तेवढा सलवारीच्या खिशात गेला. "भाकरी वजनात धरत न्हाईत," त्या म्हणाल्या.

पहिला अर्धा भाग आम्ही कधी नव्हे ते वेळेत पळालो. मग ऊन चढलं. जॅकेटच्या आत मी शिजत होते, पावलं जड झाली आणि काकू माझ्यासाठी हळू व्हायला लागल्या. मी म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा."

"न्हाय. ते जॅकेट दे हिकडं."

"असू द्या, काकू. लोक..."

"लोक बघत्यात, व्हय ना? बघू दे. मी तुझ्या मागनं पळती. माझ्या पाठीवर अळी हाय लेकी, लोक ती बघतील."

रस्त्याच्या कडेला चहाच्या गाड्यावर माणसं उभी होती. मी चेन उघडली. काकूंनी जॅकेट कमरेला बांधलं आणि मागून ओरडल्या, "आता काय भाकरीची वाट बघायलीस? पळ!"

उघड्या दंडांना वारा लागला. मी पळाले. मागे चुर्र चुर्र येत होतं, तोवर सगळं ठीक होतं.

शेवटचं वळण घेतलं आणि पाहिलं तर कमान एका अंगाने वाकत होती. घड्याळाचे आकडे अजून पळत होते, पण कामगारांना घाई झाली होती. हवा सोडलेली. आणि त्या वाकत्या कमानीखाली दोन्ही हात वर करून, गळ्यात टॉवेलची पिशवी अडकवून काका उभे होते. आयुष्यात युरियाचं पोतंही हमालाशिवाय न उचललेला माणूस कमान डोक्यावर पेलत ओरडत होता, "थांबा की जरा! आमचं माणूस यायलंय! ए, पळ की गं!"

काकू मला मागे टाकून काकांच्या काखेखालून वाकून पलीकडे गेल्या. मी त्यांच्या मागे. घड्याळ बंद झालं ते त्यानंतर. काकांनी हात सोडले, कमान त्यांच्यावर बसली आणि आतून आवाज आला, "पोचली का?"

काकूंनी गळ्यातलं पदकही नीट पाहिलं नाही. कमानीखालून बाहेर आलेल्या काकांच्या गळ्यातली पिशवी ओढून घेऊन तिच्या तळातून नवा टी-शर्ट काढला आणि भर रस्त्यात बोंडअळीच्या वरून चढवायला घेतला. माप त्यांनी आशेने मागितलेलं होतं. डोकं अडकलं, मंगळसूत्र अडकलं, एक पिन कॉलरीत रुतली. मी खालून ओढत होते, काका वरून, आणि आतून काकू बजावत होत्या, "फाटला तर बघा!"

त्या पावसाळ्यात काकूंचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पळायला नाही. शर्यतीचा टी-शर्ट धुऊन धुऊन विटला आहे, तरी त्या तोच घालून गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालतात.

या जानेवारीत मी एकटीनेच शर्यतीत नाव घातलं. नवा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीतच कपाटात ठेवला. अंधारात फाटकाबाहेर पडले तेव्हा वरून हाक आली.

"काय घालून चाललीस गं? पाठ दाखव."

मी वळून उभी राहिले. जॅकेट नव्हतं. गॅलरीतल्या दिव्याचा उजेड माझ्या पाठीवरच्या गुलाबी अळीवर पडला.

"सैल होतोय," काकू म्हणाल्या. "पिन लाव."

वरून दोरीला बांधलेली टॉवेलची पिशवी हळूहळू खाली आली. मी त्यातली पिन घेतली, भाकरीचा तुकडा खिशात टाकला आणि दोरी हलवली. पिशवी वर जाईपर्यंत थांबले, मग निघाले. कोपऱ्यापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पण पाऊल मुद्दाम जरा जोरात टाकत होते, भाकरीचा आवाज वर ऐकू जावा म्हणून.