प्रॉपची मान

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी तेव्हा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एका हॉस्पिटलच्या मणक्याच्या विभागात रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ सर्जन होते. एके दिवशी माझ्या कन्सल्टंटने, म्हणजे वरच्या सर्जनने, मला बोलावून सांगितलं, की जवळच्या एका रग्बी क्लबला मॅचच्या दिवशी मैदानावर डॉक्टर लागतो आणि ही संधी त्याने खास माझ्यासाठी राखून ठेवली आहे. "तुझ्या सीव्हीला शोभून दिसेल," असंही म्हणाला. आदल्या सीझनपर्यंत हे काम तो स्वतः करायचा. आता त्याला शनिवारी गोल्फ खेळायचं होतं. मी लगेच हो म्हटलं. सीव्हीसाठी आम्ही इंडियन डॉक्टर मंडळी तेव्हा काहीही करायचो. सर्कशीतल्या वाघाचे दात तपासायला सांगितलं असतं, तरी मी सर्टिफिकेट मिळेल का, एवढंच विचारलं असतं.

रग्बीतलं मला काहीही कळत नव्हतं. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बातमी पसरली तेव्हा तिघांनी माझ्याकडे क्रिकेटची तिकिटं मागितली, त्यामुळे मी एकटी नव्हते.

क्लबात मला आमचा आयरिश प्रॉप भेटला. प्रॉप म्हणजे शब्दशः टेकू. रग्बीत स्क्रम नावाचा प्रकार असतो. दोन्हीकडची आठ-आठ माणसं डोकी खाली घालून एकमेकांत घुसतात आणि रेटतात. पुढच्या रांगेच्या दोन टोकांना असतात ते प्रॉप. मागून स्वतःची टीम ढकलते, पुढून समोरची, आणि या सगळ्याच्या मध्ये प्रॉपची मान. आमचा हा उजवीकडचा. वय तेहेतीस, कान उरलेल्या कणकेचे गोळे चिकटवल्यासारखे, आणि खांदे कुठे संपतात नि मान कुठे सुरू होते, हे शोधायला मला माझं सगळं अ‍ॅनाटॉमीचं शिक्षण लागलं. बोलणं मात्र इतकं हळू, की त्याच्यापुढे मीच खेकसते आहे असं वाटायचं.

दहा वर्षं तो पगारी खेळाडू होता. तीन क्लब झाले होते. देशासाठी एकदाच उतरला होता, शेवटची नऊ मिनिटं.

"कसं वाटलं?" मी त्याच्या खांद्याला पट्टी लावता लावता विचारलं.

"थंडी होती. त्या नऊ मिनिटांत एकही स्क्रम झाला नाही. आईने फोन करून विचारलं, तू उतरला होतास का?"

नोव्हेंबरात तो म्हणाला, उजव्या हाताला मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मी एमआरआय करू म्हटलं. टीमचा डायरेक्टर, स्वतः माजी खेळाडू, माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसं बघून म्हणाला, "डॉक्टर, प्रॉपच्या हाताला मुंग्या यायच्याच. त्याचाच त्याला पगार मिळतो." प्रॉपही म्हणाला, "फिट लिहा डॉक्टर. मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय." हातातली ताकद तेव्हा जवळजवळ नॉर्मल होती. त्या 'जवळजवळ'कडे काणाडोळा करून मी 'फिट' लिहिलं. डायरेक्टरची टिंगल करताना एवढं मला सांगायलाच हवं.

फेब्रुवारीतल्या एका मॅचला समोरच्या टीमने आम्हाला प्रत्येक स्क्रममध्ये चिखलातून मागे रेटत नेलं. आमचा राखीव प्रॉप पोटरी धरून आधीच बाहेर बसला होता. डायरेक्टर कडेकडेने धावत माझ्यापाशी आला.

"आता आपला आयरिश जखमी झाला, तर आपल्याकडे दुसरा प्रॉप नाही. मग नियमाने उरलेले सगळे स्क्रम नुसते नावापुरते. कुणी ढकलायचं नाही."

"पण तो जखमी नाहीये."

"होईल. पुढच्या स्क्रमला."

आणि झाला. इतका अवाढव्य माणूस इतक्या बेताने आडवा होताना मी पाहिला नव्हता. शालूची घडी मोडू नये म्हणून पाटावर जपून टेकणाऱ्या नवरीसारखा तो चिखलात टेकला. मी बॅग घेऊन धावले.

"कुठे दुखतंय?"

डोळे मिटूनच तो पुटपुटला, "ते मला कुणी सांगितलं नाही, डॉक्टर. कुठे दुखायला हवंय?"

मी संतापले. म्हटलं, नाटकच करायचं तर पूर्ण करू. चिखलात गुडघे टेकून मी त्याची अगदी परीक्षेला करतात तशी तपासणी सुरू केली. माझी बोटं दाब म्हटलं. डाव्या हाताने त्याने ती जवळजवळ मोडली. उजव्याने नुसती धरली. कोपर सरळ कर म्हटलं आणि दोन बोटांनी अडवलं. कोपर हललं नाही.

"जोर लाव."

"लावतोय."

"खरा लाव. मी कुणाला सांगणार नाही."

त्याने डोळे उघडले. "खराच लावतोय, डॉक्टर."

मी त्याच्या मानेला कॉलर लावली आणि स्ट्रेचर मागवलं. कडेला डायरेक्टरने मला डोळा मारला. "कॉलरची आयडिया मस्त!"

"त्याला खरंच लागलंय," मी म्हणाले.

"परफेक्ट. असंच सांगत राहा."

उरलेले स्क्रम नावापुरते झाले आणि आम्ही जिंकलो. सोमवारी डायरेक्टरचा फोन आला, शनिवारसाठी त्याला फिट करा. मी नाही म्हणाले. या वेळी एमआरआय करूनच घेतला. मानेतली चकती सरकून हाताच्या नसेवर बसली होती आणि मज्जारज्जूपासून केसभर लांब होती. रिपोर्ट वाचून डायरेक्टर चिडला. "म्हणजे तुम्ही त्याला खरोखरच जखमी केलंत!"

कन्सल्टंट म्हणाला, मी थोडं लवचिक राहायला हवं होतं. मणक्याचा सर्जन तो, त्याला लवचिकतेचं महत्त्व असणारच. मग त्यानेच ऑपरेशन केलं, चांगलं केलं, आणि क्लबच्या मासिकात फोटो छापून आणला.

घरी हे सगळं नवऱ्याला सांगत होते, तर सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "आई, त्याचा मान दुखतो?"

"त्याची मान," मी सवयीने दुरुस्त केलं. मग वाटलं, पोरीचं काही फार चुकलं नाही.

कॉन्ट्रॅक्ट वाढवण्याचा विषय कुणी काढलाच नाही. निरोपाच्या जेवणाला त्याला काचेच्या फ्रेममध्ये त्याची जर्सी दिली. पाठीवरच्या आडनावात एक अक्षर कमी होतं. डायरेक्टर म्हणाला, या माणसाने क्लबसाठी सर्वस्व दिलं, आणि सगळे उभे राहिले. टाळ्या सर्वात जोरात वाजवल्या त्या बहुधा स्पॉन्सरांच्या टेबलाने, त्यांना तो कोण हे नक्की माहीत नसावं. पुढच्या सीझनला क्लबने दुसरा डॉक्टर आणला, रग्बीचा शौकीन. मला सीव्हीत लिहायला एक ओळ मिळाली.

दीडेक वर्षांनी आमच्या हॉस्पिटलात एक सक्तीचं ट्रेनिंग होतं: पेशंटला उचलायचं कसं, स्वतःला इजा न करता. मी कंटाळत गेले, तर समोर तो. जाडी थोडी उतरली होती, गळ्यावर बारीक आडवा व्रण होता. ऑपरेशननंतर कोर्स करून त्याने हीच नोकरी धरली होती. "माणसं कशी उचलू नयेत, हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार?" तो म्हणाला. उजवा हात बराच सुधारला होता. बटणं लावता येत होती.

वर्गात आम्ही वीस जण होतो, बहुतेक नर्सेस, आणि एक सर्जन, तो मागे भिंतीला टेकून उभा राहून फोनवर बोलत होता. आयरिश शांतपणे त्याच्यापाशी गेला, हातातून अलगद फोन घेतला, स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "गुडघे वाकवा, सर." सर्जनने एकदा त्या खांद्यांकडे पाहिलं आणि गुडघे वाकवले.