वळचणीतली चार बोटे

आमच्या घराची वळचण मी माझ्याच हातांनी बुजवली, आणि त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता. हे आधी सांगून टाकलेले बरे. पुढे जे घडले त्याचा दोष मी बराच काळ दुसऱ्यांवर ढकलत राहिलो.

आमचे गाव ब्रह्मपुरीपासून जीपने अर्ध्या तासावर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आहे. छपरावरचे कवेलू उतरवून टिनाचे पत्रे घातल्यापासून उन्हाळ्यात पुढच्या खोलीत दुपारी बसवत नसे. माझी पत्नी त्याच खोलीत शिवणवर्ग चालवी. पाच यंत्रे आणि आठ-नऊ बाया. घाम कापडावर पडू नये म्हणून त्या गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून शिवत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, तेव्हा उष्णतेचा बंदोबस्त करणे मला माझेच काम वाटले. बांबूच्या तट्ट्यांचे छत करायचे आणि त्यावर राइस मिलमधल्या धानाच्या कोंड्याची पोती अंथरायची, असे ठरवले. उतरते टिन जिथे भिंतीवर टेकते, तिथल्या फटीतून उन्हाळ्यात झळा आत येत. म्हणून तिथे पोती थेट टिनाला भिडेपर्यंत कोंबली आणि बाहेरून सिमेंटने फट लिंपून टाकली.

तट्टे विणून देणारी बाई आमच्याच गावची, माझ्याच वयाची. ती अंगणात उभी राहून माझी कारागिरी पाहत होती.

"मास्तर, घराचं नाक काऊन दाबून राह्यले जी?"

"गरम हवा आत येऊ नये म्हणून."

"अन आतली कुठून जाईन? धानाच्या ढोलीखाली आमी इटा ठेवतो, ते का शोभेसाठी? हवेले वाट ठेवा, नाई तं कोंडा सडन."

"बाई, तुम्ही तट्टे विणा. छताचं मी पाहतो," मी म्हणालो. आवाज चढवला नव्हता. मी कधी चढवत नाही. पण हळू आवाजातही माणसाला हाकलता येते, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवे होते.

तो उन्हाळा माझ्या बाजूने गेला. खोली खरोखरच निवली, बायांनी दुपट्टे सोडले, आणि शाळेत मी दोन सहकाऱ्यांना घर पाहायला बोलावले. पावसाळ्यात खोलीला आंबूस वास येऊ लागला. मी उदबत्ती लावली आणि ओल्या दिवसांत असे होतेच म्हणालो.

मग थंडी आली. नदीकडून सकाळी धुके येते, त्या दिवसांत एका मुलीच्या लग्नाचा मोतिया रंगाचा ब्लाउज यंत्रावर तयार होता. सकाळी त्याच्या पाठीवर रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला. मुलीची आई आली, तिने डाग पाहिला. खोलीतल्या सगळ्या यंत्रांचा आवाज थांबला. मी दारात उभा होतो. मला कोणी विचारले नव्हते, तरी मी म्हणालो, "मशीनचं तेल सांडलं असेल हिच्या हातून."

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने त्या बाईला एवढेच सांगितले, "नवा शिवून देतो बाई, परवापर्यंत." पण नंतर तसेच डाग आणखी दोघींच्या कापडांवर पडले. एक जण जाता जाता बोलली, "मास्तरीणबाईचा हात तेलकट झाला वाटते." महिन्याभरात वर्ग उठला. यंत्रे बैलगाडीतून गल्लीच्या टोकाला, एका विद्यार्थिनीच्या पडवीत गेली. पत्नी सकाळी डबा घेऊन तिकडे जाई आणि दिवे लागता परत येई. ज्या खोलीत तिने बारा वर्षे शिकवले, तिच्यात आता आमची धान्याची पोती उभी होती. तिने तक्रार केली नाही. केली असती तर मला उत्तर देता आले असते.

त्याच आठवड्यात मी नववीला संघनन शिकवत होतो. फळ्यावर थंड पाण्याचा गडवा काढला, त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब काढले आणि विचारले, हे पाणी आले कुठून? वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "हवेतून!" खडू माझ्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शिडी लावून एक तट्टा सोडवला. टिनाच्या खालच्या अंगाला थेंबांच्या रांगा लटकत होत्या. स्वयंपाकाची वाफ, इस्त्रीची वाफ, इतक्या माणसांचे श्वास, हे सारे तट्ट्यांतून वर चढत होते, आणि वर त्याला बाहेर पडायला मी जागाच ठेवली नव्हती. थेंब गंज घेऊन कोंड्यात उतरत होते. वळचणीतली पोती काळी पडली होती. एक वासा नखाने उकरता आला.

मी तसाच त्या पडवीत गेलो. सगळ्या बाया कामावर होत्या. शाळेतली भाषा सोडून मी म्हणालो, "तेल नोतं ते. मायं चुकलं. छताचं पाणी होतं, अन छत म्या केलं होतं."

पत्नीने पाय यंत्रावरून काढला नाही. "माफी मंग मागजा," ती म्हणाली. "अगोदर थेंब बंद करा."

बाया हसल्या. मलाही ते हसू त्यांच्या हक्काचे वाटले.

तट्टेवाल्या बाईकडे जाणे अधिक कठीण होते. ती बांबू चिरत बसली होती. मी सगळे सांगितले. तिने कोयता बाजूला ठेवला.

"मंग? आता कोन पाहते छताचं?"

"तुम्ही सांगा, मी करतो."

"शिडीवर मी नाई चढत जी. गुडघे गेले. मी खालून शिव्या देईन, तुमी वरून आयका."

आणि अगदी तसेच झाले. माझे सिमेंट मीच छिन्नीने फोडले. सगळ्या कामाला तीन रविवार लागले. सडका कोंडा शेतात टाकला, वासा बदलला, नवी पोती आणली. वळचणीत पोती पुन्हा घातली, कारण ऊन तिथूनच सर्वांत जास्त लागते. पण या वेळी वाशांना खालून तिरके तट्टे बांधले, असे की पोते कितीही फुगले तरी टिनापासून चार बोटे दूरच राहील. त्या चार बोटांतून हवा वर जाणार होती. खारी आणि उंदीर शिरू नयेत म्हणून बाहेरच्या फटीला बारीक जाळी ठोकली. ती सूचना माझी, आणि बाईने ती मान्य केली याचा मला झालेला आनंद लपवता आला नाही. आढ्यावरचा टोप लाकडी ठोकळ्यांवर थोडा उचलून तिथेही जाळी लावली, म्हणजे हवा निघेल आणि पाऊस आत येणार नाही.

शेवटच्या रविवारी भर दुपारी परीक्षा घेतली. बाईने वळचणीच्या जाळीखाली उदबत्त्यांचा जुडगा धरला. मी शिडीवरून आढ्याकडे पाहत होतो. धूर आत ओढला गेला, पण वरून काही निघेना.

"निघाला का?"

"नाही."

"डोळे पुसा, मंग पाहा!"

"बाई, नाहीच निघत."

"मंग कुठीतरी तुमीच कोंबून ठेवलं असन. सवय हाय तुमाले."

तिचे खरे होते. कोपऱ्यात एका ठिकाणी तट्टा बांधताना मी दोरी ढिली सोडली होती आणि पोते टिनाला टेकले होते. ते मागे घेतले, दोरी आवळली. बाई दुसऱ्यांदा जुडगा घेऊन उभी राहिली. मी श्वास रोखला होता. आढ्याच्या टोपाखालून धुराची बारीक रेघ निघाली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळ्या आढ्यावर निळसर धूर उठला.

"निघाला!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी ओरडलो नसेन. समोरच्या घरातले म्हातारे भाऊ धावत बाहेर आले, "काय पेटलं?" म्हणून. बाई कमरेवर हात ठेवून हसत होती. "काई नाई पेटलं भाऊ, मास्तरच्या घराले श्वास फुटला!"

उन्हाळ्यात खोली पूर्वीसारखीच निवली, पावसाळ्यात वास आला नाही. पण पत्नी थांबली होती ती धुक्यासाठी. धुक्याची पहिली सकाळ आली, तेव्हा तिने आदल्या संध्याकाळी धान्याची पोती एका कडेला रचून पांढऱ्या मांजरपाटाचे अख्खे ठाण भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरून ठेवले होते. उजेडात आम्ही दोघे त्यावर गुडघ्यांवर फिरलो, एकेक हात कापड तपासत. ती पुढे, मी मागे. वळचणीखाली तिने तळहात फिरवला, उलटा करून पाहिला, पुन्हा फिरवला. सात सकाळी हे चालले. सातव्या सकाळी तिने कापडाची घडी केली.

"गाडीवाल्याले सांगा," ती म्हणाली. "अन तुमचे धान्याचे पोते हालवा इथून."

त्या दुपारी यंत्रे परत आली. बायांनी आपापल्या जागा ओळखून घेतल्या, एकीने मला तट्टेवाल्या बाईला बोलावून आणायला पाठवले, आणि बाई आली तशी तिला मधल्या खुर्चीवर बसवून चहा दिला. तिच्यासमोर आणि सगळ्यांसमोर मी ती राहिलेली माफी मागितली, आधी पत्नीची, मग बाईची.

"बस झालं जी," पत्नी म्हणाली. डोळे यंत्रावर होते, पण ती हसत होती. "सरका थोडं, उजेड अडवून राह्यले."

मी सरकलो. खोलीत मला उभे राहायलाही जागा उरली नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन मी दुसऱ्या चहाचे आधण ठेवले. पलीकडे सहा यंत्रे चालत होती. त्यातले एक नवे होते.