उडत्या गावाची पहिली फेरी

मोताळ्याच्या बाहेर, नांदुऱ्याच्या रस्त्याला माझं खताचं दुकान आहे आणि बरोबर समोर रज्जाकभाईंचं ‘उडतं गाव’. नाव ऐकून डोळ्यांपुढे फार मोठं काही आणू नका. एक आकाशपाळणा, एक लाकडी घोड्यांची चक्री, एक घसरगुंडी आणि गेटपाशी आशाबाईंची भेळेची गाडी, एवढाच पसारा. पण बाजाराला आलेलं लेकरू इथं दोनदा रडतं. आधी आत यायचं म्हणून आणि मग बाहेर जायचं नाही म्हणून.

रज्जाकभाईंनी उभा जन्म हा पाळणा जत्राजत्रांतून फिरवला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा इथं तुकडाभर जागा घेऊन तो कायमचा रोवला. पाटीवर घालायला नाव आयतंच होतं. त्यांची एकुलती एक लेक महनूर लहानपणी पाळण्यातून ओरडली होती, “अब्बा, गाव उडून राह्यलं!” बापानं ते जपून ठेवलं होतं.

त्यांचा एक रिवाज होता, वडलांपासून चालत आलेला. पाळण्याचा एखादा नट जरी बदलला, तरी पहिली फेरी घरच्या लेकराची. “दुसऱ्याचं लेकरू वर न्यायचं तं आधी आपलं न्या,” असं ते म्हणायचे. महनूर एका पाळण्यात, तोलाला समोरच्या पाळण्यात वाळूचं पोतं, मोटारीच्या खटक्यापाशी मान वर केलेले रज्जाकभाई आणि गेटवर आडवा दोर धरून त्यांची बायको नूरबी. पोर हसत खाली आली की नूरबी दोर सोडायची आणि गर्दी आत घुसायची.

महनूर शिकली, पुण्याला गेली, मुलांसाठी नाटकं लिहायला लागली. नूरबी वारल्यावर तिचं येणं कमी होत होत ईदच्या फोनवर आलं. मला विचाराल तर मला त्या पोरीचा रागच यायचा. एकटा बाप संध्याकाळी रिकाम्या घोड्यांवरची धूळ पुसत बसतो, ते रोज मला दिसायचं, तिला नाही.

यंदा पाळण्याचा मधला दांडा तडकला. रज्जाकभाईंनी तो नवा बसवला, पाळणा रंगवला आणि लेकीला फोन लावला. “येते अब्बा,” ती म्हणाली. झालं. पाळणा नवरदेवासारखा सजून उभा आणि गेटला दोर. एक बाजार गेला, दुसरा गेला. लेकरं वर बघून घसरगुंडीवर समाधान मानायची. शेवटी मीच भडकलो.

“भाई, हट्टाले काही सीमा? मी बसतो पहिल्या फेरीले. वजनदार माणूस आहो, समोर दोन पोते ठेवा.”

“तुम्ही घरचे थोडेच हा, गोकुळभाऊ,” ते सहज बोलून गेले. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, पण मला ते लागलं.

मग एका दुपारी मोटारीतून एक बाई दोन मुलांना घेऊन उतरल्या. पाटी बघून मुलं नाचायलाच लागली. बाई म्हणाल्या, “अय्या, ‘उडतं गाव’! आम्ही पुण्यात हे नाटक पाहिलं. त्यावरून ठेवलंत का हो नाव?”

“नाटक मागून आलं, बाई. माह्या लेकीनं लिहिलं ते,” रज्जाकभाई ताठ होत म्हणाले. नाटकाचंही नाव तेच आहे, हे त्यांना त्या वेळीच कळलं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

“खरंच? शेवटी तर आम्ही रडलोच. ते पाळणेवाले बाबा वारतात ना...” बाई एकदम थांबल्या.

रज्जाकभाई हसले. “अन् मंग पोरगी?”

“ती परत येते. पाळणा सुरू करते.”

“येते ना? मंग चांगलं हाय,” ते म्हणाले आणि मुलांना घोड्यांवर बसवायला गेले.

संध्याकाळी त्यांनी माझ्या दुकानातून लेकीला फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि सगळं बोलणं मोठ्या आवाजात. घरात त्यांची बोली वेगळी, मी माझ्या बोलीत सांगतो.

“मले मारून टाकलं म्हणे तू.”

“अब्बा, नाटक हाय ते.”

“हाव, हाव. तुह्यी अम्मी हाय का त्याच्यात?”

“हाय. गेटवर दोर धरून उभी. सुरूपासून शेवटापर्यंत.”

रज्जाकभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मंग बरं केलं. एकालेच ठेवता येत होतं तं तिलेच ठेवायचं. तू कवा येतं?”

“प्रयोग हायेत, अब्बा. पाहते.”

‘पाहते’ म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी समोरच्या पाळण्यात वाळूचं पोतं ठेवलं. आशाबाईंना खटक्यापाशी उभं केलं आणि माझ्या हातात गेटचा दोर दिला. “घरचं आता कोण उरलं? मीच ना,” म्हणाले आणि गुडघे सावरत स्वतः पाळण्यात बसले.

पाळणा फिरला. दांडा जराही कुरकुरला नाही. दोराबाहेर लेकरांचा नुसता कालवा चालला होता. मला वाटलं, माणूस वरून शेतं बघेल, नळगंगेचं पाणी बघेल. त्यांनी मान वर केलीच नाही. प्रत्येक फेरीला ते गेटकडे बघत होते.

खाली आल्यावर मी म्हटलं, “काय भाई, दिसलं का गाव उडताना?”

“वरतून पह्यले गेटच दिसते, गोकुळभाऊ,” ते पाळण्याची दांडी न सोडता म्हणाले. “जन्मभर पाळणा फिरवला, मले माईतच नव्हतं. तिथं नूरबी नव्हती. दोर धरून तुम्ही उभे होते.”

त्यांनी डोळे पुसले.

“पोरगी काऊन येत नाही, ते समजलं मले. सोडा आता दोर.”

मी दोर सोडला.