न दमणारं लेकरू

मंडळी, आज सकाळी लेहहून नातवाचा व्हिडिओ कॉल आला. तो अन् नातसून तिथल्या विरळ हवेत चार पावलं चालून धापा टाकत होते. माझी पणती मात्र उड्या मारून राहिली होती. "आबा, मला दम लागतच नाही!"

हेच बोल मी आधी एकदा ऐकले होते.

निजामाच्या राज्यात पुसेगावला आमी ज्वारी पेवात ठेवायचो, जमिनीखालच्या खोल खड्ड्यात. आत हवा कोंडलेली राहायची. म्हणून आधी कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं न्हाई. त्या दिवशी कंदील मिणमिणत राहिला. बाप अन् माझी थोरली बहीण काशी उतरले. टोपल्या भरता भरता बापाला धाप लागली, तो वर आला. काशी खालूनच हसली, "मला न्हाई दम लागत, बापू." अन् भरतच राहिली.

तिला वर काढलं तवा श्वास नव्हता.

नातवाला म्हटलं, "पोरीला जरा बसव." तो हसला, "आबा, ती आमच्यापेक्षा दणकट आहे." तेवढ्यात रेंज गेली.

काशीला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी न्हाई. रेंज गेली तवापासून फोन हातात धरून बसलोय.

लेकरू खरंच दमत न्हाई का हो, का त्याला ते कळतच न्हाई?