अर्धवट पाहिलेली डॉक्युमेंटरी

दादाला सिनेमा कसा वाटला, हे कुणाला विचारावं लागत नसे. हातात सुया टोचून झाल्या, नळ्या जोडल्या आणि डायलिसिसचं मशीन घरघरायला लागलं की तो घसा खाकरायचा आणि ओळीतल्या सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायचा. उभं आयुष्य बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये एकट्याने काढलेला माणूस. तिथे बोलायला चिटपाखरू नव्हतं. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून ती सगळी कसर तो इथे भरून काढत होता.

"हिरो छातीत गोळी घेऊन तीन मजले चढतो म्हणे! मला दवाखान्याच्या उतारावर दोनदा थांबावं लागतं."

कौटुंबिक सिनेमाबद्दल म्हणायचा, "सासू शेवटच्या पाच मिनिटांत सुधारली. एवढ्या वेळात बटाटासुद्धा शिजत नाही." समुद्रावरची डॉक्युमेंटरी तर त्याने मध्येच बंद केली होती. "नुसतं पाणीच पाणी. आणि मला दिवसाला मोजून चार पेले. हा छळ आहे, सिस्टर, छळ!"

सुया लावणाऱ्या सिस्टर हसायच्या. शेजारच्या खुर्चीतले निवृत्त मास्तर मात्र हटकून उलट बोलायचे. दोघांची जुंपली की चार तास कसे गेले ते कळायचं नाही.

आठवड्यातून एकदा त्याची धाकटी बहीण सोबतीला येई. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवण्याचं तिचं काम. पंचेचाळिशी उलटली होती, पण दादाच्या तोंडी ती अजून चिमीच.

त्या बुधवारी चिमी आली ती एक बातमी घेऊनच. सकाळीच दवाखान्यातून फोन आला होता. सगळ्या तपासण्या व्यवस्थित, तुमचं मूत्रपिंड भावाला चालेल, आता त्यांच्याशी बोला. वहिनीला मधुमेह, त्यामुळे तिचा प्रश्न आधीच निकाली निघाला होता. मग चिमीनेच दुकानातून अर्ध्या दिवसाच्या रजा काढून, दादाला पत्ता लागू न देता, रक्त तपासून घेतलं, पोटाचे फोटो काढले, मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या उलटसुलट प्रश्नांना तोंड दिलं. ठाऊक होतं ते वहिनीला आणि नवऱ्याला. नवऱ्याने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझं ठरलंय ना? मग मी आहे."

आज दादाला सांगायचं होतं. ती सफरचंद कापत शब्द जुळवत बसली.

"काल काय पाहिलंत?" मास्तरांनी काडी टाकली.

"ती दोन भावांची डॉक्युमेंटरी. धाकटा थोरल्याला मूत्रपिंड देतो ती."

चिमीच्या हातातली सुरी थांबली.

"बरी आहे. फोटोग्राफी छान. पण तो थोरला डोक्यात गेला माझ्या," दादा रंगात आला. "ऑपरेशन झालं आणि पुढे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. होणारच! घेतलेल्या माणसाला मान वर करता येत नाही. धाकट्याचं पोट फाडून आपण जगायचं? मी तर मरेन, पण कुणापुढे हात पसरणार नाही. घरच्यांपुढे तर मुळीच नाही."

चिमीने फोड तोंडात टाकली. आज नको, तिने मनाशी म्हटलं. घरी गेल्यावर, वहिनीच्या समोर.

पण दारातून शस्त्रक्रियेचं सगळं जुळवून आणणाऱ्या बाई आत आल्या, सरळ खुर्चीपाशी. "अभिनंदन! अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. बोललात ना तुम्ही दोघं?"

दादाने आधी बाईंकडे पाहिलं, मग चिमीकडे. चिमीच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं होतं.

"कसलं भाग्य?" त्याने हळू विचारलं.

"दादा, मी सांगणारच होते…"

"माझ्या माघारी? तुम्ही सगळ्यांनी मिळून?" तो उठायला गेला. नळ्या ताणल्या. सिस्टर ओरडल्या, "हात हलवू नका!" दादा थांबेना. "मी भिकारी आहे का? तुला काही झालं तर मी तुझ्या नवऱ्याला काय तोंड दाखवू? सांग ना!"

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालंच नाही. चेहरा पांढराफटक पडला, मान एका बाजूला कलली, मशीन टीं टीं करत ओरडायला लागलं. सिस्टरांनी चिमीला बाजूला सारलं, खुर्ची मागे पाडून पाय वर केले, अंगातलं पाणी काढणं थांबवलं, सलाईन सोडलं. "काका! इकडे बघा! काका!"

चिमी भिंतीला टेकून उभी राहिली. कापलेलं सफरचंद जमिनीवर पसरलं होतं. मी मारलं याला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

काही वेळाने दादाने डोळे उघडले. रक्तदाब वर सरकला. मशीन शांत झालं.

मग मास्तर छताकडे बघत म्हणाले, "शेवटपर्यंत पाहिलीत का हो ती डॉक्युमेंटरी?"

दादाचे ओठ हलले. "डोळा लागला होता."

"वाटलंच. तोंड थोरला नाही फिरवत, धाकटा फिरवतो. का, तर थोरला रोज फोन करून विचारतो, 'दुखतंय का रे?' वर्षानुवर्षं. शेवटी धाकटा वैतागतो. म्हणतो, मी दिलं ते विसरलो, याला का विसरता येत नाही?"

मास्तरांनी मान वळवली. आवाज खाली आला. "माझ्यासाठी तपासून घ्यायला कुणी आलंच नाही. माझं काही म्हणणं नाही, ज्याचा त्याचा संसार. पण तुमच्याकडे कुणी आलंय, तर निदान नीट तरी बोला."

त्या दिवशी दादा नीट बोलला नाही. वाईटही बोलला नाही. पुढे आठवडाभर त्याने चिमीचा फोन उचलला नाही. वहिनी म्हणायची, "जेवतो, झोपतो, भिंतीकडे बघतो. टीव्हीसुद्धा लावत नाही गं." चिमीचे हात कामात चुकायला लागले; एक भिंग उलटं बसवलं, एकाची कड उडवली.

मग एका दुपारी तो दुकानात आला. दोन पायऱ्या चढूनच त्याला धाप लागली होती. गिऱ्हाईकं ज्या स्टुलावर बसून फ्रेमा लावून बघतात त्यावर तो टेकला.

"पूर्ण पाहिली," तो म्हणाला.

"मग?"

"मास्तर तिखटमीठ लावून सांगतात. पण आहे तसंच."

चिमीने घासायच्या चाकावरून भिंग काढलं नाही. वर बघायची हिंमत होत नव्हती.

"चिमे, मला माझी भीती नाही. क्रेनवर मी कित्येक टन माल लोकांच्या डोक्यावरून फिरवला, पण खाली कोण आहे ते कधी जवळून दिसलं नाही. इथे खाली तू आहेस."

"मी माझ्या पायांनी तिथे उभी आहे, दादा. मला कुणी ढकललं नाही."

"आणि बिघडलं तर?"

"तर बिघडेल. तेव्हा काय ते बघू." मग तिने चाक बंद केलं. "पण रोज फोन करून 'दुखतंय का' विचारलंस ना, तर तुझं तोंड बघणार नाही."

दादाने नाक ओढलं. मग म्हणाला, "बरं."

ऑपरेशन झालं, पण मूत्रपिंड काम करेना. "झोपलंय ते. कधीकधी होतं असं. उठेल," डॉक्टर म्हणाले. एक दिवस गेला, दुसरा गेला. दादाला पुन्हा मशीन लावावं लागलं. चिमी दुसऱ्या खोलीत टाके धरून पडली होती आणि वहिनीच्या पावलांवरून ओळखायची की आजही काही नाही. वहिनी सांगायची, समोर टीव्ही चालू असतो, कुठलासा सिनेमा लागलेला असतो, पण हा एका शब्दानं बोलत नाही. ते ऐकून चिमीला टाक्यांपेक्षा जास्त दुखायचं. आपला तुकडा आत जाऊनही मेलेलाच राहिला तर?

चौथ्या दिवशी सकाळी वहिनी धावत आली. पायात एकच चप्पल होती.

"चिमे, पिशवीत लघवी येतेय गं! थोडीशी, पण येतेय!"

चिमी उठली. सिस्टर नको नको म्हणत असताना भिंत धरून, वाकून, एकेक पाऊल टाकत दादाच्या खोलीच्या काचेपर्यंत गेली. दादा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. खाटेच्या कडेला पिशवी लटकत होती. नळीतून एक पिवळा थेंब पडला. बऱ्याच वेळाने दुसरा. काचेला कपाळ टेकवून ती तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली.